देवराईतली छोटी फेरी: गुडघेदुखी, काठी आणि व्हीलचेअर सोबत घेऊन

कोकणात गावाला गेलं की पाहुण्यांना देवराई दाखवायची टूम हल्ली हमखास निघते. आजी-आजोबांनाही गाडीत बसवलं जातं. पुढे बहुतेक वेळा एकच होतं: गाडी देवळापाशी थांबते, तरुण मंडळी फोटो काढत राईत शिरतात आणि म्हातारी माणसं सभामंडपात पिशव्या राखत बसतात. विचारलं तर म्हणायचं, ‘त्यांना झेपलं नसतं.’ खरं तर झेपलं असतं, पण तशी तयारी कुणी केलेली नसते.

सखल कोकणातलं मूळचं रान आता तुकड्यातुकड्यांनीच उरलंय. आंबा-काजूच्या बागा, रस्ते आणि घरं यांच्या मधे जे जुने पट्टे टिकले त्यात देवराया मोठ्या. रत्नागिरीकडे त्यांना देवराहाटी म्हणतात. त्या गावाला चिकटून असतात, घाट चढावा लागत नाही, म्हणून कमी चालणाऱ्या माणसासाठी एवढं सोयीचं जंगल दुसरं नाही.

हा लेख तीन-चारशे मीटरच्या, दीड तासाच्या फेरीसाठी आहे. सोबत गुडघे धरलेली आई असेल, काठी घेतलेले काका असतील किंवा व्हीलचेअरवरचं कुणी असेल. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: अंतर मोजू नका, बसायच्या जागा मोजा. दोनशे मीटर सलग चालणं ज्यांना जमत नाही, ते मधे चार ठिकाणी टेकायला मिळालं तर चारशे मीटर हसत चालतात.

## १. राई निवडा

नावाजलेली राई शोधू नका, गाडी जवळ जाणारी राई शोधा. गाडीचं दार आणि पहिलं मोठं झाड यांत पन्नास मीटरपेक्षा जास्त चढउतार असेल तर ती राई या फेरीच्या कामाची नाही.

चौकशी करताना ‘रस्ता चांगला आहे का?’ असं कुणी विचारू नये. गावकरी म्हणतो, ‘मस्त आहे, अगदी पाखाडी बांधलीय.’ त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. पण पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्या, त्याही एक वीतभर तर एक हातभर उंचीच्या. व्हीलचेअरला याहून वाईट वाट नाही. ‘पाच मिनिटांवर आहे’ या उत्तराचंही तसंच, ती पाच मिनिटं त्याच्या पायांची. म्हणून नेमकं विचारा: पायऱ्या किती? पऱ्या किंवा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडावा लागतो का? रिक्षा कुठपर्यंत येते?

आणि एक प्रश्न जरूर विचारा, तो सहसा कुणी विचारत नाही: पालखी कुठून जाते? पालखीची वाट भोयांना खांद्यावर दांडी घेऊन वळता येईल एवढी रुंद ठेवलेली असते, आडव्या आलेल्या फांद्या शिमग्याआधी छाटलेल्या असतात. ती वाट पायऱ्यांवरून जात नसेल तर तुमचं निम्मं काम झालं. पायऱ्यांवरूनच जात असेल तर दुसरी राई बघा.

या ठिकाणांच्या वाटेला जाऊ नका, निदान या मंडळींना घेऊन तरी:

- दलदलीच्या राया. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची रानजायफळांची राई २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिचं नाव ऐकून लोक थेट आत शिरायला बघतात. तिथे चिखलातून गुडघ्यासारखी वाकलेली मुळं वर आलेली असतात. पाय त्यात अडकतो, आणि तुडवली गेलेली मुळंही दुखावतात.
- शेकडो पायऱ्यांची देवस्थानं. मार्लेश्वराला जायचं तर ती वेगळी यात्रा, या फेरीत ती बसत नाही.
- ज्या राईत नुकतं बांधकाम निघालंय. खडी आणि सळ्या पडलेल्या असतात, ट्रकची ये-जा चालू असते.

तपासा: निवडलेल्या राईपासून प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे ते आत्ताच बघून ठेवा. अर्ध्या तासात गाडी पोचत नसेल तर हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्या माणसाला तिथे नेऊ नका.

## २. दिवस आणि वेळ

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. पावसात जांभा शेवाळतो. ऑक्टोबरात वाट ओली आणि हवा कोंदट असते. मार्चनंतर सावलीतही घाम थांबत नाही, म्हातारी माणसं लवकर गळतात. मे महिन्याची सुट्टी सोयीची म्हणून सगळे तेव्हाच येतात. फेरीसाठी तो सगळ्यात वाईट महिना.

मोह होण्यासारखं एकच कारण म्हणजे सुरंगी. ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला फुलते आणि राईत तिचं झाड असेल तर वासावरूनच कळतं. त्यासाठी मार्चचा पहिला आठवडा धरायला हरकत नाही, पण मग नऊच्या आत राईतून बाहेर पडायचं.

एरवी सकाळी साडेआठला आत शिरा. पहाटे जाण्यात शहाणपण नाही. थंडीत दाट राईत पानांवरचं दंव बराच वेळ ठिबकत असतं, उजेड जमिनीपर्यंत पोचलेला नसतो, आणि ज्यांची नजर कमी आहे त्यांना मूळ आणि सावली वेगळी दिसत नाही. दहापर्यंत बाहेर या. संध्याकाळची फेरी नकोच, राईत अंधार बाहेरच्यापेक्षा अर्धा तास आधी पडतो.

दिवस ठरवण्याआधी गावाचं कॅलेंडर विचारा. सिंधुदुर्गात देवदिवाळीपासून जत्रांचा हंगाम सुरू होतो, शिमग्यात पालख्या निघतात. त्या दिवसांत गुरवाला श्वास घ्यायला वेळ नसतो. आचऱ्यासारख्या गावात गावपळण असली तर अख्खं गावच वेशीबाहेर राहायला गेलेलं असतं.

## ३. गुरवाशी बोला

राई देवाची असते आणि गावाची असते. वनखात्याच्या बागेसारखं तिकीट काढून आत जायचं ते ठिकाण नाही. आधी गुरव, आणि ते सांगतील त्याप्रमाणे मानकरी किंवा देवस्थानचे विश्वस्त, असा क्रम ठेवा. परस्पर सरपंचांना फोन लावला तर ‘या हो, काही हरकत नाही’ असं उत्तर मिळतं आणि ज्याने राईची वाट उघडून द्यायची तो मात्र नाराज होतो.

फोन आदल्या संध्याकाळी करा. सकाळची पूजा आटपली की गुरव आपल्या शेतावर, बागेत किंवा नोकरीवर जातात. दिवसभर देवळात ते भेटतील असं धरून चालू नका.

बोलणं सरळ ठेवावं: ‘गुरवकाका, नमस्कार. आम्ही उद्या दर्शनाला येतोय. सोबत माझी आई आहे, तिला काठी लागते. तिला थोडं राईतून फिरवून आणायचं होतं. कुठपर्यंत गेलेलं चालतं?’ ‘कुठपर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. ‘जाऊ का?’ विचारलं तर हो किंवा नाही मिळतं. ‘कुठपर्यंत’ विचारलं की हद्द कळते, आणि पुष्कळदा ‘मी येतो सोबत’ असंही ऐकायला मिळतं.

याच फोनवर चार गोष्टी विचारून घ्या.

पहिली, चपला. बऱ्याच राईंत अनवाणी जायचा रिवाज आहे. ज्यांना मधुमेह आहे आणि तळव्यांची संवेदना कमी झालीय त्यांनी अनवाणी अजिबात चालू नये. काटा घुसला तरी कळत नाही, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. हे गुरवांना मोकळेपणाने सांगा. फक्त राईसाठी ठेवलेले नवे कापडी बूट किंवा जाड मोजे चालतील का, असं विचारा. चामड्याचं नसेल तर बऱ्याच ठिकाणी मान्य होतं. नाही म्हणाले तर त्या माणसाला व्हीलचेअरवरून न्या किंवा सभामंडपापर्यंतच ठेवा. रिवाज मोडून नेऊ नका, आणि पायही धोक्यात घालू नका.

दुसरी, बायकांना कुठे मनाई आहे का. मला हा रिवाज पटत नाही, पण प्रश्न आधी विचारणं मला पटतं. ऐन वेळी पंच्याहत्तर वर्षांच्या आजींना सगळ्यांसमोर थांबवलं जाण्यापेक्षा दुसरी राई निवडलेली बरी.

तिसरी, व्हीलचेअरची चाकं. रस्त्यावरची चाकं म्हणजे चपलाच असं काही ठिकाणी मानतात. चाकं धुऊन आणि पुसून आणतो म्हटलं की प्रश्न मिटतो.

चौथी, फोटो. देवाचे, पाषाणांचे की फक्त झाडांचे, तेही स्पष्ट करून घ्या.

सावध: ‘किती द्यायचे?’ असं फोनवर विचारू नका. नारळ घेऊन जा, गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं) घालून घ्या, दक्षिणा ताटात ठेवा. गुरव किंवा त्यांचा मुलगा तासभर सोबत फिरला तर त्याच्या वेळेचं वेगळं द्या, हातात द्या.

## ४. आदल्या दिवशी पाहणी

हा टप्पा गाळला जातो आणि फेरी इथेच फसते. ज्यांना न्यायचं आहे त्यांच्याशिवाय, एकट्याने किंवा दोघांनी जाऊन वाट बघून यायची. मुंबई-पुण्याहून येत असाल तर मुक्कामाच्या पहिल्या संध्याकाळी पाहणी आणि दुसऱ्या सकाळी फेरी असं बसवा. सोबत मोजपट्टी, सव्वा मीटरची सरळ काठी आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली असू द्या.

रुंदी. साधी घडीची व्हीलचेअर साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते, त्यात ढकलणाऱ्याचे कोपर आणि बसणाऱ्याचे हात मिळवा. वाट सगळीकडे निदान ९० सेंटिमीटर हवी. जिथून परत फिरायचं तिथे दीड मीटरची मोकळी जागा हवी. नाहीतर खुर्ची मागे-मागे आणावी लागते, आणि बसलेल्याला कुठे चाललोय ते दिसत नाही.

उतार. उतरंडीवर काठीचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेका, दुसरं हवेत धरा, काठीवर बाटली आडवी ठेवा. पाणी समपातळीत आलं की हवेतल्या टोकाखाली किती जागा राहते ते मोजा. सव्वा मीटरला दहा सेंटिमीटरपर्यंत ठीक. सरकारी इमारतींच्या रॅम्पचं मापही बाराला एक असंच असतं. पंधराच्या वर गेलं तर एकट्याने खुर्ची ढकलायची नाही. वीसच्या वर गेलं तर त्या वाटेने न्यायचंच नाही.

शेवाळ. जांभ्याचा प्रत्येक सपाट दगड आणि पायरी टाचेने घासून बघा. डोळ्यांवर विसंबू नका. सुकलेलं शेवाळ काळपट दिसतं आणि दगडाच्या रंगात मिसळून जातं. टाच घासल्यावर हिरवट पट्टा उमटला तर सकाळच्या दंवात तो दगड निसरडा होणार हे नक्की. पायरीचा पुढचा काठ बघा. वर्षानुवर्षांच्या पावलांनी तो गोल झिजलेला असतो आणि काठी नेमकी त्याच काठावरून घसरते. काठीवाल्या माणसाला पायरीच्या आतल्या बाजूला, उभ्या दगडाच्या बुडाशी काठी टेकवायला सांगा.

पाचोळा. पाचोळ्याचा थर दिसला की काठी खुपसा. खाली मुळांमधली पोकळी असते, पऱ्याजवळ खेकड्यांची बिळं असतात. काठी चार बोटांपेक्षा जास्त आत गेली तर ती जागा लक्षात ठेवा आणि बाजूने न्या. पाचोळा झाडून काढू नका, त्या जमिनीचं सगळं खत तेच असतं.

डोक्यावर. देवराईतलं सुकं लाकूडही कुणी नेत नाही. त्यामुळे वाळलेल्या फांद्या वर्षानुवर्षं वरच अडकून राहतात. कुठे लटकलेलं ओंडकं आहे ते मान वर करून बघा, तिथे थांबायचं नाही. आग्या मोहोळ शोधा. एखाद्या उंच सातविणीला किंवा बेहड्याला मोठमोठी काळी पोळी दिसली तर ती राई त्या वर्षापुरती सोडून द्या. कमरेच्या उंचीवर पानं शिवून केलेली ओंबीलची घरटी बघा. त्या लाल मुंग्या व्हीलचेअरवरच्या माणसाच्या मानेवर पडतात, आणि त्याला उठून झटकताही येत नाही.

बसायच्या जागा. आता सगळ्यात महत्त्वाचं काम. गाडीपासून निघून पन्नास-साठ पावलांवर टेकता येईल अशी जागा शोधत जा: सभामंडपाचा कट्टा, झाडाचा पार, कुणी बांधलेला सिमेंटचा बाक. सापडली नाही तर तिथे घडीचं स्टूल मांडायचं आणि त्यासाठी सपाट जागा हेरून ठेवायची. नुसतं खोड टेकायला पुरत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जागा फार खाली असूनही चालत नाही, कारण उठताना कुणीतरी ओढावं लागतं. गुडघ्याच्या उंचीची जागा हवी.

सावध: राईतल्या कुठल्याही सुट्या, उभ्या किंवा आडव्या दगडावर विचारल्याशिवाय बसू नका, पिशवीही ठेवू नका. शेंदूर नसला, फूल नसलं तरी तो पाषाण देव असू शकतो. एखादा वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, निम्मा मातीत गेलेला असतो. पाहुण्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि गावकरी ती वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

शेवटी परत फिरायची जागा पक्की करा. ज्यांना नेणार त्यांची एकूण ताकद जिथे निम्मी संपेल, त्याच्या थोडं अलीकडे. ती जागा एखाद्या बघण्यासारख्या झाडापाशी असली तर ‘अजून थोडं पुढे जाऊ’ची घासाघीस होत नाही.

## ५. सामान

कमी न्या. पण पुढचं विसरू नका.

पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे आणि पायमोजे. फिक्या कपड्यावर गोचीड चटकन दिसते. डासांचं मलम घरूनच लावून या. अत्तर आणि वासाचं तेल नको, मधमाश्यांना ते आवडत नाही.

मधुमेह असेल तर खडीसाखर खिशात हवी, पिशवीत ठेवून उपयोग नाही. पाणी दोघांत एक लिटर. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: म्हातारी माणसं, विशेषतः बायका, स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि अर्ध्या वाटेत चक्कर येते ती त्यामुळे. म्हणून स्वच्छतागृहाची सोय आदल्या दिवशीच लावा. देवळाजवळ सहसा नसतं. शाळेत किंवा जवळच्या घरी विचारा. ‘आमच्या आईला लागलं तर’ म्हटल्यावर कोकणात कुणी नाही म्हणत नाही.

व्हीलचेअरची तपासणी घरीच करा: ब्रेक दोन्ही चाकांना सारखे लागतात का, हवेची चाकं असतील तर हवा, कमरेचा पट्टा. पायटेकणीखाली चार बोटं तरी मोकळी जागा हवी, नाहीतर ती मुळाला अडते. पिशव्या खुर्चीच्या मागच्या दांड्यांना अडकवू नका. चढावर खुर्ची मागे उलटते ती याच कारणाने.

ब्लूटूथ स्पीकर गाडीत ठेवा. राईत ते शोभत नाही आणि गुरवांनाही खपत नाही. शिवाय धनेश पक्ष्याच्या पंखांचा आवाज खूप लांबून येतो, तो ऐकायला कान मोकळे लागतात.

## ६. आत शिरण्याचा क्रम

क्रम असा ठेवा: आधी स्वच्छतागृह, मग दर्शन आणि गाऱ्हाणं, मग पाच मिनिटं बसणं, मग बूट-मोजे बदलणं, आणि त्यानंतर चालायला सुरुवात. गाडीतून उतरल्याउतरल्या चालू नका. तासभर वाकून बसलेले गुडघे लगेच सरळ होत नाहीत.

सर्वांत पुढे काठी घेतलेला एक जण. त्याने जमिनीवर काठी आपटत जायचं आणि कोळ्यांची जाळी, आडव्या फांद्या बघायच्या. त्याच्या मागे सगळ्यात हळू चालणारा माणूस. चाल त्याची, बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचं. हळू माणूस शेवटी राहिला की पुढचे थांबतात, तो येऊन पोचतो तेव्हा त्यांची विश्रांती झालेली असते आणि ते लगेच निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही.

सहा-सात जणांपेक्षा जास्त नकोत.

तपासा: पहिल्या बैठकीला पोचल्यावर बोलून बघा. एक वाक्य दम न लागता पूर्ण बोलता येत नसेल तर पुढचा टप्पा रद्द. इथेच वीस मिनिटं बसा, झाडं इथेही आहेत.

## ७. वाटेवर

व्हीलचेअर मुळावरून नेताना सरळ ढकलायची नाही. पुढची लहान चाकं मुळाला अडतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. खुर्ची वळवा, पाठ मुळाकडे करा, मोठी चाकं आधी ओढून पलीकडे घ्या, मग लहान चाकं हलकेच उतरवा. दुसऱ्याने समोरून खुर्चीची चौकट धरायची. पायटेकणी किंवा हातटेकणी धरली तर ती निसटून हातात येते. उतारावरही खुर्ची उलटीच न्यायची, म्हणजे वजन ढकलणाऱ्याच्या अंगावर येतं. प्रत्येक वेळी काय करणार आहात ते बसलेल्याला आधी सांगा.

काठीवाल्या माणसाचा दंड धरून ओढू नका. तुमचा हात पुढे करा, त्यांना धरू द्या. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

प्रत्येक बैठकीला काहीतरी बघायला हवं, आणि ते बसल्या जागेवरून दिसणारं हवं. मुंडी वर करून शेंड्यावरचा पक्षी दाखवणं मानदुखीच्या माणसाला शिक्षा वाटते. हाताच्या उंचीवरचं दाखवा. ऐनाची साल चौकोनी भेगांनी फुटलेली असते, मगरीच्या पाठीसारखी. ती डोळे मिटूनही ओळखू येते, म्हणून अंधुक दिसणाऱ्यांना ती हाताने चाचपू द्या. सातविणीची पानं एका पेरावर गोलाकार लागतात. ती मोजायला सांगितली की नातवंडं आणि आजी दोघंही रमतात, आणि नेहमी सातच भरत नाहीत. गारंबीची वेल असेल तर तिच्या पीळदार खोडापाशी बसायची जागा करा. हातभराहून लांब शेंग खाली पडलेली मिळाली तर ती मांडीवर देऊन बघू द्यावी, मग जिथून उचलली तिथेच ठेवावी. राईतलं काही घरी न्यायचं नाही, खाली पडलेलं पानही नाही.

जुन्या बेहड्याच्या किंवा सातविणीच्या ढोलीत धनेशाचं घरटं असण्याची शक्यता असते. मादी स्वतःला आत चिणून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. साधारण जानेवारीच्या शेवटापासून पावसाच्या तोंडापर्यंत अशा ढोलीखाली बैठक घालू नका. माणसं दिसली की नर जवळ येत नाही आणि आतल्यांची उपासमार होते. झाडाखाली फळांच्या बिया आणि विष्ठेचा सडा दिसला तर समजा, आणि लांबून बघा.

हात न लावायच्या गोष्टी सगळ्यांना पहिल्याच बैठकीला दाखवा किंवा सांगा:

- बिब्बा आणि त्याचा भाऊबंद रानबिब्बा. चीक लागला की कातडीवर फोड येतात. म्हाताऱ्यांची कातडी पातळ, त्रास जास्त.
- खाजकुहिली. हिवाळ्यात शेंगा वाळतात आणि त्यांची कुसं वाऱ्यानेही उडतात. वाटेवर दिसली तर वाट बदला. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टीने कुसं उचला आणि मग धुवा.
- काजरा. नारिंगी, गुळगुळीत, लहान संत्र्याएवढं फळ. मुलांना उचलावंसं वाटणारच. बी जहाल विषारी असते.
- सुरमाडाची पिकलेली फळं. रस हाताला लागला की खाज सुटते.

## ८. गडबड झाली तर

चक्कर आली तर जिथे आहात तिथेच खाली बसवा किंवा आडवं करा. ‘गाडीपर्यंत नेऊ’ हा विचार चुकीचा. मधुमेही माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर खडीसाखर तोंडात द्या.

मधमाश्या उठल्या तर हात न झाडता तोंड-डोकं झाकून देवळाकडे चला. व्हीलचेअरवरच्या माणसावर चादर किंवा ओढणी टाका आणि खुर्ची तशीच पळवा.

साप दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. कोकणात फुरसं भरपूर. ते जेमतेम हातभर असतं आणि पाचोळ्यात दिसत नाही. म्हणून दगडांच्या फटीत हात घालायचा नाही. चावलाच तर चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका, घट्ट दोरी बांधू नका. अंगठ्या आणि बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा फळीला किंवा काठीला सैल बांधा, चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट गाडीने आरोग्य केंद्रात न्या. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. चावणारा हिरवा चापडा होता असं दिसलं असेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. साप पकडून नेण्याची मर्दुमकी नको.

सावध: राईत बऱ्याचदा मोबाईलला रेंज नसते. शेवटची रेंज कुठे मिळते ती जागा पाहणीच्या दिवशीच बघा, आणि तिथून अंतर किती ते सर्वांना सांगा.

## ९. बाहेर आल्यावर

बूट बदला, हात धुवा, दहा मिनिटं सभामंडपात बसा. गुरवांना निघतो म्हणून सांगायला विसरू नका. तुम्ही बाहेर पडलात हे त्यांना कळायला हवं.

मुक्कामी पोचल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाका आणि साबणाने आंघोळ करा. मांड्यांचा सांधा, काखा, कानामागे आणि गुडघ्यामागे गोचीड बघा. म्हाताऱ्या माणसाला स्वतःला वाकून बघता येत नाही, दुसऱ्याने बघायचं. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. जाळू नका, रॉकेल लावू नका.

सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग आणि बांद्याच्या बाजूला, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत. तो गोचिडीमुळे होतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमका तुमच्या फेरीचाही. त्या भागात माकडं मरून पडल्याचं ऐकलं तर राईकडे फिरकू नका, आरोग्य केंद्राला कळवा. फेरीनंतर तीन आठवड्यांत कुणालाही अचानक ताप, जोराची डोकेदुखी किंवा अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना ‘कोकणात रानात जाऊन आलो’ हे वाक्य पहिल्यांदा सांगा. शहरातला डॉक्टर आधी डेंग्यू-मलेरियाच तपासेल, गोचीड-तापाचं त्याला सुचायला तुमचं सांगणं लागेल.